सरासरी २४ मिनिटं, मग गाडी तासाभराने का येते? रुग्णवाहिका डिस्पॅचचा डॅशबोर्ड कसा वाचावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत तुम्ही नुकतेच आकडेवारीच्या कामावर रुजू झाला आहात आणि रुग्णवाहिका सेवेचा डॅशबोर्ड तुमच्याकडे सोपवलाय. ग्रामीण भागाचं उद्दिष्ट ३० मिनिटांचं, जिल्ह्याची सरासरी २४, म्हणून स्क्रीनवरची चौकट हिरवी. पण डोंगराकडच्या एका तालुक्यातून ‘गाडी तासाने आली’, ‘गाडी आलीच नाही’ अशा तक्रारी थांबत नाहीत. साहेबांनी तुम्हाला विचारलं की आकडे चुकीचे की लोक वाढवून सांगतात, आणि तुम्ही विचारताय की नेमका कोणता आकडा बघायचा, शिवाय फोन किती वेळात उचलला जायला हवा.

आकडे आणि लोक दोन्ही खरे असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. मी बरीच वर्षं रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात काढली, आधी डिस्पॅचला, म्हणजे कॉलला गाडी नेमून पाठवण्याच्या कामावर, आणि नंतर आकडेवारीच्या बाजूला. हिरवी चौकट आणि रागावलेला तालुका ही जोडी मला त्या काळात पुन्हा पुन्हा दिसली. तुमच्या जिल्ह्यात नेमकं काय घडतंय ते इथे बसून सांगता येणार नाही. ते तुमच्या सॉफ्टवेअरवर, कंत्राटातल्या व्याख्येवर, तालुक्यातल्या रस्त्यांवर आणि सिव्हिल किती लांब आहे यावर अवलंबून आहे. पण शोधायचं कुठे आणि कोणत्या क्रमाने, ते सांगता येईल.

सगळ्यात आधी साधा हिशोब करून बघा. समजा महिन्यात जिल्ह्यात १,००० केस झाल्या. त्यातल्या ९४० सपाटीवरच्या, सरासरी २२ मिनिटांच्या, आणि डोंगरातल्या फक्त ६०, सरासरी ६० मिनिटांच्या. एकूण सरासरी येते २४ च्या किंचित वर. आता त्या डोंगरातल्या तालुक्यात चमत्कार झाला आणि तिथली वेळ निम्म्यावर, ३० मिनिटांवर आली असं धरा. जिल्ह्याची सरासरी दोन मिनिटांनीसुद्धा हलत नाही. म्हणजे तो तालुका सुधारला काय किंवा बुडाला काय, तुमच्या वरच्या चौकटीला त्याचा पत्ताच लागणार नाही. ही आकडेवारीतली लबाडी नव्हे. जिल्ह्याचा एकच आकडा काढला की असंच होणार.

तालुका वेगळा काढलात तरी सरासरीवर थांबू नका. नमुन्यादाखल दहा केस घ्या: ८, ९, १०, ११, १२, १२, १४, १५, ४१ आणि ६८ मिनिटं. सरासरी बरोबर २०. पण २० मिनिटांच्या आसपास एकही गाडी पोचलेली नाही. आठ जणांना पंधरा मिनिटांच्या आत मिळाली आणि दोघं ताटकळले. मधली किंमत, म्हणजे केस वेळेच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी, १२ आहे, आणि दहापैकी नऊ जणांना किती वेळात गाडी मिळाली असं विचारलं तर उत्तर ४१, यालाच नव्वदावा शतमक म्हणतात. डॅशबोर्डवर मधली किंमत आणि नव्वदावा शतमक हे दोन आकडे शेजारी शेजारी मागा. त्या दोघांतलं अंतर जिथे रुंदावतं तिथे तुमची तक्रार राहते.

आता घड्याळाकडे येतो, कारण खरी गोम तिथे असते. एका केसमध्ये वेळेच्या बऱ्याच नोंदी पडतात: फोन वाजला, उचलला, केस तयार झाली, गाडी नेमली, गाडी हलली, घटनास्थळी पोचली, रुग्णाला घेऊन निघाली, रुग्णालयात पोचली, हँडओव्हर होऊन, म्हणजे रुग्णाला रुग्णालयाच्या ताब्यात देऊन, मोकळी झाली. ‘प्रतिसाद वेळ’ म्हणजे यातल्या कुठल्या तरी दोन नोंदींमधलं अंतर. कुठल्या दोन? हे कंत्राटात आणि सॉफ्टवेअरच्या व्याख्येत लेखी असायला हवं, ते मिळवा. घड्याळ ‘गाडी नेमली’पासून सुरू होत असेल, तर गाडी मोकळी नव्हती म्हणून डिस्पॅचरने पंचवीस मिनिटं वाट बघितली तो काळ हिशोबातच येत नाही. रुग्णाच्या घरच्यांसाठी मात्र तो काळ पूर्ण मोजलेला असतो. त्यांनी ‘तास लागला’ म्हटलं आणि तुमच्या स्क्रीनवर ३३ दिसले, तर दोघांची घड्याळं वेगवेगळ्या वेळी सुरू झालीत एवढंच.

११२ या सामायिक आपत्कालीन क्रमांकावर आलेला वैद्यकीय कॉल जेव्हा रुग्णवाहिकेच्या १०८ कडे वळवला जातो तेव्हाही हेच तपासा. वळवायला लागलेली मिनिटं कोणाच्या खात्यात पडतात? बहुतेकदा कोणाच्याच नाही. दोन्ही यंत्रणा आपापला फोन उचलल्यापासून मोजतात आणि मधला काळ दोघांच्याही डॅशबोर्डवर नसतो.

घड्याळ कसं लावलंय यावर माणसं कशी वागतात, याचं एक मोठं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. तिथे कित्येक वर्षं जिवाला धोका असलेल्या कॉलपैकी ७५ टक्क्यांना ८ मिनिटांत पोचायचं असं उद्दिष्ट होतं. परिणाम असा झाला की आजार किती गंभीर आहे हे कळायच्या आत एकाच कॉलला दोन-तीन गाड्या सोडल्या जायच्या आणि नको ठरलेल्या वाटेतून परत बोलावल्या जायच्या. मोटारसायकलवरचा किंवा छोट्या गाडीतला कर्मचारी आधी पोचला की घड्याळ थांबायचं, रुग्णाला नेणारी गाडी मागाहून कितीही वेळाने येवो. २०१७ मध्ये त्यांनी पद्धत बदलली. सगळ्यात गंभीर गटासाठी सरासरी ७ मिनिटं आणि नव्वदावा शतमक १५ मिनिटं, त्याखालच्या गटासाठी सरासरी १८ आणि नव्वदावा शतमक ४०, अशी दुहेरी मापं आली. बाकीच्या कॉलमध्ये प्रश्न विचारून निवाडा करायला डिस्पॅचला जास्तीत जास्त २४० सेकंद दिले गेले. आणि सगळ्यात गंभीर गट सोडून, ज्या रुग्णाला न्यायचंच आहे त्याच्या बाबतीत नेणारी गाडी पोचल्यावरच घड्याळ थांबेल असं ठरलं. माणसं तीच होती, गाड्या त्याच होत्या. घड्याळ कुठे थांबतं ते बदललं म्हणून गाड्या सोडण्याची पद्धत बदलली. तुमच्या जिल्ह्यात बाइक रुग्णवाहिका असतील तर हा मुद्दा तुमच्यासाठी नुसती माहिती राहत नाही.

दुसरं म्हणजे नोंद कोण करतं ते बघा. ‘घटनास्थळी पोचलो’ हे बटण गाडीतला माणूस दाबतो. तो आधी रुग्णाकडे धावतो आणि बटण नंतर आठवतं, त्याने तसंच करावं. कधी रेंज नसते, मग उपकरण डोंगर उतरल्यावर सगळ्या नोंदी एकदम पाठवतं आणि सर्व्हरने आपली वेळ लावली तर तीन टप्पे एकाच मिनिटात घडल्यासारखे दिसतात. शून्य मिनिटांच्या, उलट्या जाणाऱ्या किंवा दोन-तीन टप्पे एकाच मिनिटाला दाखवणाऱ्या केस आधी वेगळ्या काढा आणि त्यांचं प्रमाण गाडीनिहाय बघा. एकाच गाडीचं प्रमाण जास्त असेल तर बहुतेक उपकरण बिघडलेलं असतं, एका पट्ट्यातल्या सगळ्याच गाड्यांचं असेल तर नेटवर्क. मग प्रतिसाद वेळेचा साधा स्तंभालेख मिनिटामिनिटाने काढा. उद्दिष्ट ३० चं असताना २८-२९ वर अचानक उंच सुळका आणि ३१ वर खड्डा दिसला, तर बटण रस्त्यात दाबलं जातंय. अशा वेळी जीपीएसची नोंद आणि बटणाची नोंद समोरासमोर ठेवायची. गाडी घटनास्थळापासून किती अंतरावर असताना बटण दाबलं गेलं हे सहज काढता येतं. आणि ते काढल्यावर लगेच पायलटवर (गाडीच्या चालकावर) कारवाईचा कागद निघणार नाही याची तजवीज आधी साहेबांकडून करून घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यापासून तुम्हाला खरी नोंद मिळायची बंद होईल.

आता त्या तालुक्याकडे. मला विचाराल तर पहिला तक्ता हा मागा: कॉल कोणत्या तालुक्यातला आणि गेलेली गाडी कोणत्या बेसची, म्हणजे एरवी कुठे उभी राहणारी. उभ्या बाजूला तालुके, आडव्या बाजूला बेस. बहुतेक डॅशबोर्डवर हा तक्ता नसतो, पण मूळ नोंदींमधून तासाभरात तयार होतो. एखाद्या तालुक्यातल्या किती टक्के कॉलना शेजारच्या तालुक्याची गाडी धावून गेली हे त्यात स्वच्छ दिसतं. ताटकळणारे बहुतेक कॉल तिथेच सापडतात. रस्ता वाईट हे कारण लोक लगेच देतात आणि ते खोटंही नसतं. पण रस्ता वाईट असला तर सगळ्याच केसना उशीर होईल. काही केस १२ मिनिटांत आणि काही ७० मिनिटांत, असं चित्र असेल तर रस्त्यापेक्षा गाडी जागेवर नव्हती हे कारण जास्त संभवतं.

गाडी जागेवर का नव्हती? इथे ‘दिवसाला किती केस’ हा आकडा फसवतो. समजा त्या तालुक्याच्या गाडीने दिवसात पाच केस केल्या. पाच म्हणजे फार नाहीत असं बैठकीत कोणीही म्हणेल. पण त्यातल्या दोन गावातल्या होत्या, प्रत्येकी दोन तासांच्या, आणि तीन केस ग्रामीण रुग्णालयातून सिव्हिलला रेफर केलेल्या होत्या, घाट उतरून जाणं, हँडओव्हरला थांबणं आणि परत येणं धरून प्रत्येकी चार तासांच्या. बेरीज करा: १६ तास. चोवीसपैकी सोळा तास गाडी गुंतलेली. कॉल दिवसभरात कधीही येऊ शकतो असं धरलं, तर पुढच्या तीन कॉलपैकी दोन कॉलच्या वेळी ती बेसवर नसणार. म्हणून केसची संख्या बाजूला ठेवून गुंतलेले तास भागिले उपलब्ध तास हे प्रमाण काढा, गाडीनिहाय आणि दिवसाच्या तासांनुसार. भाजकात कागदावरच्या गाड्या धरू नका. ऑफरोड म्हणजे सेवेतून बाहेर असलेली, पायलट रजेवर म्हणून उभी असलेली, टायरची वाट बघत वर्कशॉपला पडलेली गाडी उपलब्ध नसते.

राज्याच्या पातळीवरही हे ताणाचं गणित ध्यानात ठेवण्यासारखं आहे. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ गाड्यांवर, २३३ प्रगत जीवरक्षक सोयींच्या आणि ७०४ मूलभूत सोयींच्या. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांच्या वर, म्हणजे तेव्हा एका गाडीमागे सुमारे १ लाख २० हजार माणसं. जिल्ह्याच्या ठिकाणी एक गाडी गुंतली तर शेजारी दुसरी असते. एकाच गाडीवर चालणाऱ्या तालुक्यात ती रेफर केस घेऊन गेली की तालुका उघडा पडतो. तुमच्या तक्ता-पाहणीत हेच निघालं तर साहेबांसमोर मांडायचा प्रश्न ‘गाड्या हळू का धावतात’ हा राहत नाही. ग्रामीण रुग्णालयातून इतक्या केस रेफर का होतात, भूलतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या दिवशी नसतो, सिव्हिलच्या दारात हँडओव्हरला किती वेळ गाडी अडकते, आणि आपत्कालीन नसलेल्या रेफर केससाठी १०२ क्रमांकाच्या सरकारी सेवेची किंवा रुग्णालयाची स्वतःची गाडी का वापरली जात नाही, हे ते प्रश्न. यातल्या एकाचंही उत्तर डिस्पॅच कक्षाकडे नसतं. पण त्यांचा पुरावा फक्त डिस्पॅचच्या नोंदींमध्ये असतो, म्हणून मला हा डॅशबोर्ड इतका मोलाचा वाटतो.

यानंतरचा मुद्दा सगळ्यात दुखरा आहे. ज्या केसमध्ये गाडी पोचली तिचीच प्रतिसाद वेळ निघते. गाडी मिळाली नाही, घरच्यांनी कंटाळून जीप केली, बाई वाटेतच बाळंत झाली म्हणून कॉल रद्द केला, यातलं काहीही सरासरीत येत नाही. सेवा जितकी वाईट, तितके असे कॉल जास्त आणि उरलेल्यांची सरासरी तितकी बरी दिसते! म्हणून रद्द झालेले, गाडी न मिळालेले आणि अर्धवट तुटलेले कॉल वेगळ्या ओळीत तालुक्याप्रमाणे मांडा. रद्द करण्याचं कारण या रकान्यात ‘इतर’ किती आहेत ते बघा. निम्मे ‘इतर’ असतील तर तो रकाना भरलेलाच नाही असं समजा. रद्द होण्याआधी किती मिनिटं गेली होती हेही काढा. दोन मिनिटांत रद्द झालेला कॉल बहुधा गैरसमजाचा किंवा गंमतीखातर केलेला असतो. पन्नास मिनिटांनी रद्द झालेला कॉल म्हणजे कुणीतरी पन्नास मिनिटं वाट बघून दुसरी सोय केली.

आणि जिथून कॉलच येत नाहीत, तिथलं काय? नकाशावर पांढरा राहिलेला भाग निरोगी नसतो. तिथे रेंज नसेल, किंवा पूर्वीच्या अनुभवावरून लोकांनी फोन करणंच सोडलं असेल. मेळघाट किंवा भामरागडसारख्या भागात पावसाळ्यात गावं तुटतात, तेव्हा कॉल घटलेले दिसतात आणि गरज मात्र वाढलेली असते. याची पडताळणी डॅशबोर्डमध्ये होत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आणि ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदवहीतून गंभीर रुग्ण कोणत्या वाहनाने आले ते बघावं लागतं. आशाताईंना विचारलंत तर त्या गावागणिक सांगतील.

मोजणीतल्या काही खाचा पटकन सांगतो. हमरस्त्यावर अपघात झाला की एकाच घटनेचे दहा फोन येतात. उलट मोठ्या अपघाताला तीन गाड्या गेल्या तर घटना एक, ओळी तीन. कॉल, घटना आणि गाडीच्या फेऱ्या या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या तक्त्यातली एक ओळ यातली कोणती हे कळल्याशिवाय बेरीज करू नका. सरावासाठी खरा डेटा हवा असेल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या अग्निशमन दलाच्या कॉलच्या नोंदी शहराने सर्वांसाठी खुल्या ठेवल्यात. त्यात एका ओळीत एक गाडी असते, एकाच कॉल क्रमांकाच्या अनेक ओळी असतात, आणि फोन आल्यापासून गाडी मोकळी होईपर्यंतच्या जवळपास सगळ्या वेळा वेगवेगळ्या रकान्यांत आहेत. आपल्याकडच्या नोंदींवर हात चालवण्याआधी तिथे टप्प्याटप्प्याच्या वेळा काढून बघा. कोणाचं नुकसान होत नाही आणि नजर तयार होते.

नकाशाबद्दल सावध राहा. फोन करणारा ‘फाट्याच्या पुढे, वडाच्या झाडाजवळ’ असं सांगतो. वडगाव आणि पिंपळगाव एकाच जिल्ह्यात दोन-चार असतात. नेमकी जागा मिळाली नाही की काही सॉफ्टवेअर खूण सरळ तालुक्याच्या मध्यावर ठेवतात आणि मग तहसील कचेरीजवळ भलताच मोठा लाल ठिपका दिसतो. तो ठिपका बघून तिथे नवा बेस मागू नका! दर लाख लोकसंख्येमागचे आकडे काढताना भाजक २०११ चा आहे हेही विसरू नका. बीडमधून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली माणसं अर्धं वर्ष दुसऱ्या जिल्ह्याच्या फडात असतात. तिकडच्या तालुक्यात कॉल वाढतात, त्यात ऊसवाहू ट्रॅक्टरच्या अपघातांची भर पडते, आणि कागदावरची लोकसंख्या तीच राहते. आषाढी वारीच्या वाटेवरच्या तालुक्यांचंही तसंच. असे महिने गेल्या महिन्याशी न ताडता गेल्या वर्षीच्या त्याच काळाशी ताडावे.

लहान तालुक्यात महिन्याला ४० कॉल येत असतील, तर पुढच्या महिन्यात ५० आले म्हणून काही घडलंय असं समजू नका. एवढा चढउतार आपोआप होतो. २८ ते ५२ च्या पट्ट्यात हालचाल झाली तर मी गप्प बसतो आणि वर्षभराची रेघ बघतो. बैठकीत ‘२५ टक्के वाढ’ असं ओरडून सांगणारी स्लाइड आली की हे आठवा.

आता आजाराप्रमाणे फरक. सगळ्या केसना एकच ३० मिनिटांचं माप लावणं हे व्यवस्थापनाच्या सोयीचं आहे, वैद्यकाच्या नाही. हृदय थांबलेल्या माणसाला छातीदाब आणि विजेचा झटका मिळाला नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घसरते. त्याला तुमची गाडी ३० काय, २० मिनिटांत पोचली तरी फार उशीर झालेला असतो. तिथे बघण्यासारखा आकडा म्हणजे फोन उचलल्यापासून किती सेकंदांत कॉल घेणाऱ्याने हृदय थांबल्याचं ओळखलं आणि समोरच्याला फोनवरून छातीदाब द्यायला सांगितलं. सर्पदंशात गाडी दारात कधी आली यापेक्षा रुग्ण प्रतिसर्पविष असलेल्या ठिकाणी कधी पोचला हे महत्त्वाचं. गाडी वेळेत आली आणि प्रतिसर्पविष नसलेल्या केंद्रात घेऊन गेली, तर डॅशबोर्डवर ती यशस्वी केस असते. अपघातात तर कायदाच वेगळं घड्याळ सांगतो. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने ‘गोल्डन अवर’ म्हणजे जखम झाल्यापासूनचा एक तास अशी व्याख्या केली आहे. तुमचं घड्याळ मात्र फोन आल्यावर सुरू होतं. ओसाड रस्त्यावर कुणी फोन करेपर्यंत त्या तासातला किती वेळ गेला हे तुमच्या नोंदींत कधीच येणार नाही. म्हणून निदान हृदयविकार, अपघात, बाळंतपण, सर्पदंश आणि रेफर केस असे गट वेगळे ठेवा, आणि प्रत्येक गटासाठी ‘फोनपासून योग्य रुग्णालयापर्यंत’ हाही आकडा मागा. योग्य रुग्णालय कोणतं याची यादी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाबरोबर बसून करावी लागेल. ती मेहनत वाया जात नाही.

तुम्ही कॉल उचलण्याबद्दलही विचारलं होतंत. उत्तर अमेरिकेत प्रचलित मानक असं की ९० टक्के फोन १५ सेकंदांत उचलले जावेत. आपल्याकडे रिकामे आणि पोराबाळांनी लावलेले फोन एवढे असतात की एकूण टक्केवारी फारशी बोलत नाही. खऱ्या केस झालेल्या फोनची उचलण्याची वेळ वेगळी काढा आणि ती पाळी बदलण्याच्या तासात बघा. तिथे लांबत असेल तर पाळ्या अर्ध्या तासाने सरकवून बघता येतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

पहिल्या दोन आठवड्यांत मी असं करेन. व्याख्या लेखी मिळवायच्या. विचित्र नोंदी वेगळ्या काढायच्या. त्या एका तालुक्याची मधली किंमत आणि नव्वदावा शतमक, कॉल-बेस तक्ता, गुंतलेले तास आणि रद्द कॉल, एवढीच चार पानं करायची. मग गेल्या महिन्यातल्या सगळ्यात लांबलेल्या दहा केस निवडून त्यांची रेकॉर्डिंग नियंत्रण कक्षाच्या परवानगीने शेवटपर्यंत ऐकायची, फोन करणाऱ्याचं नाव आणि नंबर तुमच्या कागदात उतरवून न घेता. पत्ता समजून घेण्यात किती वेळ गेला, डिस्पॅचरने किती बेसना विचारलं, ‘गाडी सिव्हिलला अडकलीय’ हे वाक्य किती वेळा आलं, हे ऐकल्यावर तुमच्या चार पानांतल्या प्रत्येक आकड्याला चेहरा मिळतो आणि साहेबांच्या प्रश्नाला उत्तर देताना तुमचा आवाज डळमळत नाही. त्या बैठकीला त्या तालुक्याचा एखादा पायलट आणि ग्रामीण रुग्णालयाची सिस्टर यांना बोलवा. गाड्यांची क्रमवारी लावून भिंतीवर चिकटवायचा आग्रह कुणी धरला तर तो थोपवा. एकाच गाडीच्या वाट्याला घाट आणि रेफर केस आल्या तर ती नेहमी तळाला राहणार, आणि त्यावरचा पायलट सगळ्यात जास्त राबलेला असेल.

कॉल-बेस तक्ता तयार झाला की त्या तालुक्यातल्या किती टक्के कॉलना बाहेरची गाडी गेली आणि त्या वेळी स्थानिक गाडी कुठे होती, हे दोन आकडे इथे टाका. तालुक्याचं नाव नको, सिव्हिलपर्यंतचं अंतर आणि गाड्यांची संख्या दिलीत तरी पुरे. बेस हलवायचा, दुसरी गाडी मागायची की रेफरचं काम वेगळ्या गाडीकडे द्यायचं, हे त्यावरून ठरवता येईल.